कुणाचं काही राहिलं?

मीटिंग संपत आली की अहिरे नाना मनगटावरचं घड्याळ काढायचे. पट्टा घामाने काळा पडलेला, काच एका कडेला तडकलेली. ते टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "कुणाचं काही राहिलं?"

मग सेकंदकाटा एक पूर्ण फेरी मारेपर्यंत थांबायचे. मोठे साहेब पेनाला टोपण लावायचे, कुणी खुर्ची मागे सारायचं, कुणी उगाच खोकायचं. नाना हलायचे नाहीत. काटा बारावर आला की घड्याळ परत मनगटावर. "ठीक. मीटिंग संपली. आता चहा."

गेल्या महिन्यात धुळ्याच्या देवपूरहून त्यांच्या मुलीचं पत्र आलं. 'बाबा गेले, तुम्हाला कळलं असेल. त्यांच्या पेटीत मीटिंगच्या वह्या निघाल्या. एका वहीत खूण घातलेल्या पानावर तुमची सही आहे. हवी असेल तर घेऊन जा. रद्दीत देणार नाही, ठेवून देते.'

मी अजून गेलेलो नाही. जळगावहून धुळं काही लांब नाही, पारोळ्यामार्गे एसटीने सकाळी निघालं तर जेवायला परत येता येतं. पण ते पान कोणतं असणार हे मला ठाऊक आहे. वही हातात घेण्याआधी जे सांगायचं ते लिहून काढावं म्हणतो. तोंडाने सांगायची वेळ दोनदा आली होती. दोन्ही वेळा मी गप्प बसलो.

आमचं खातं पाण्याचं. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. नाना धुळ्याला उपअभियंता, मी जळगावला. धरणाचं बांधकाम आणि पाणी त्यांच्याकडे. धरणाचे लोखंडी दरवाजे, मोटारी आणि तारेचे दोर माझ्याकडे. एका म्हशीचं तोंड एकाकडे आणि शेपूट दुसऱ्याकडे, अशी ती वाटणी. भांडणं ठरलेलीच. म्हणून वरून हुकूम आला, की दोन्ही कचेऱ्यांचा एक तांत्रिक कार्यगट नेमा आणि दर दोन महिन्यांनी बैठक घ्या. त्याचं सदस्य सचिवपद नानांच्या गळ्यात पडलं. बैठक बोलवायची, चालवायची आणि नंतर काय ठरलं त्याचं इतिवृत्त काढायचं. पगार तोच, डोकेदुखी नवी. दुसरा कुणी असता तर त्याने वर्षभरात बदली मागितली असती. नानांनी ते काम घरचं लग्न असल्यासारखं अंगावर घेतलं.

विषयपत्रिका दहा दिवस आधी टपालाने निघायची. एका पानाच्या वर नाही. प्रत्येक विषयापुढे मिनिटं लिहिलेली. आमचे जळगावचे कार्यकारी अभियंता – त्यांना आम्ही नुसतं 'साहेब' म्हणायचो – एकदा म्हणाले, "अहिरे, ही विषयपत्रिका आहे की रेल्वेचं टाइमटेबल?"

"टाइमटेबलच आहे साहेब. गाडी चुकली की शिव्या मलाच बसतात."

ते खरंही होतं. बैठक पाळीपाळीने धुळ्याला आणि जळगावला व्हायची. आणि प्रकरण फार तापलं की चाळीसगावच्या विश्रामगृहात, कारण तिथे दोन्हीकडून गाडीने येता यायचं आणि कुणाच्याच घरचं अंगण नव्हतं. आदल्या दिवशी नाना स्वतः जाऊन खोली बघायचे. टर्किश टॉवेल टाकलेली साहेबांची उंच खुर्ची उचलून व्हरांड्यात. सगळ्या खुर्च्या सारख्या. पंखा खडखडत असेल तर बंद. मे महिन्यात, आमच्या खानदेशात, पंखा बंद! कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "घाम पुसता येतो हो. न ऐकलेला शब्द कुठून आणणार?"

त्यांचा पहिला नियम, खालून वर. सगळ्यात कमी पगाराच्या माणसाने सगळ्यात आधी बोलायचं, साहेबांनी सगळ्यात शेवटी. "साहेब आधी बोलले की मीटिंग होत नाही, आरती होते. बाकीचे नुसत्या टाळ्या वाजवतात." हे ते साहेबांसमोरच म्हणायचे, आणि साहेबांना हसावं लागायचं.

दुसरा नियम, गप्प बसणंही लिहायचं. पाळी आली आणि माणूस काही बोलला नाही, तर नाना त्याच्या नावापुढे लिहायचे, 'काही म्हणणे नाही.' आणि त्यावर त्याची सही घ्यायचे. नवखी माणसं गोंधळायची. "अहो, मी बोललोच नाही, तर सही कशावर?"

"न बोलण्यावर. उद्या तुम्ही म्हणाल मला विचारलंच नाही."

तिसरा नियम, इतिवृत्त तिथेच लिहायचं, मोठ्याने वाचायचं, सह्या घ्यायच्या आणि मगच चहा. बाहेर किटली निवत असायची. चहावाला दारातून डोकावायचा आणि नाना हात वर करून त्याला थांबवायचे. कच्च्या वहीत खाली कार्बन घालून ते लिहायचे. मूळ पान वहीत, म्हणजे त्यांच्याकडे; कार्बनची प्रत ज्याच्या गावी बैठक असेल त्याच्याकडे. त्याने त्यावरून शुद्ध प्रत स्टेन्सिलवर, म्हणजे छपाईच्या मेणकागदावर, टाइप करून ते धुळ्याला पाठवायचं, नानांनी सही करायची, मग ते परत आलं की छापील प्रती सगळीकडे जायच्या.

या सगळ्याचा मला सुरुवातीला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण चाळीसगावची एक बैठक आठवते. धरणावरची जनरेटरची खोली उत्तर टोकाला की दक्षिण टोकाला, यावर आमचे साहेब आणि धुळ्याचे साहेब दोन तास भांडत होते. आवाज बाहेर बागेपर्यंत. शेवटी नानांनी घड्याळ काढलं. अर्ध्याहून जास्त मिनिट गेलं आणि कोपऱ्यातून नकाशे काढणाऱ्या शिंदेबाई हळूच म्हणाल्या, "नाना, नकाशावर उत्तरेचा बाण उलटा पडलाय. माझ्याकडूनच. दोन्ही साहेब एकाच टोकाबद्दल बोलताहेत."

कुणाला हसावं की रागवावं कळेना. नानांनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'विषय तीनवरील दोन तासांची चर्चा रद्द. श्रीमती शिंदे यांचे आभार.' बाई रडायच्या बेतात होत्या. नाना त्यांना म्हणाले, "चूक झाली ती सकाळी. आत्ता जे केलंत ते साठ सेकंदांतलं काम आहे, आणि ते मोठ्या मोठ्यांना जमत नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी विनोद म्हणून ऐकलं.

पावसाळ्यात या बैठकांऐवजी रोज सकाळी आठला वायरलेसवर बैठक असायची. एक सेट धुळ्याला, एक जळगावला, एक धरणावर. इतर धरणांवर दोन मिनिटांत उरकायचं. 'हॅलो, सगळं ठीक, ओव्हर.' नाना वायरलेसवरही बैठकच घ्यायचे. इथे चेहरे दिसत नाहीत, मान डोलावलेली कळत नाही, म्हणून एक जादा नियम. आधीच्याने जे सांगितलं ते पुढच्याने आपल्या तोंडाने पुन्हा म्हणायचं आणि मग आपलं सांगायचं. "ऐकलं म्हणू नका. काय ऐकलं ते म्हणा." या सवयीने घरी पंचाईत व्हायची. बायको म्हणाली दळण आणा, तर माझ्या तोंडून निघालं, "दळण आणायचंय, असं ऐकलं." ती म्हणाली, "ऐकलंत ना? मग उठा. ओव्हर!"

धरणावरच्या सेटवर भिकाभाऊ असायचा. दरवाजे चालवणारा, धरणाच्याच गावचा, पन्नाशीचा. वायरलेसमध्ये तो इतका ओरडायचा की नाना म्हणायचे, "भिकाभाऊ, सेट बंद केला तरी धुळ्याला ऐकू येईल." कार्यगटाचा तो सदस्य नव्हता. पण नाना प्रत्येक बैठकीला त्याला 'निमंत्रित' म्हणून बोलवायचे, आणि नियमाप्रमाणे पहिला तोच बोलायचा. आम्ही सगळे शिकलेले म्हणून तो लाजायचा, आपल्या अहिराणीत म्हणायचा, "नाना, मी काय बोलू? तुम्ही बठ्ठा शिकेल लोक शेतस."

"म्हणून तर तुला विचारतोय. दरवाजा आमच्यातल्या कुणी हाताने फिरवलाय का?"

एकदा बैठकीनंतर मी नानांच्या देवपूरच्या घरी जेवायला गेलो होतो. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. समोर कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती. मी सहज विचारलं, "नाना, शिपाईसुद्धा बोलला तरी तुम्ही लिहिता. एवढं कशाला?" ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "माझा बाप गावच्या पंचांसमोर बोलायला जायचा. उन्हात उभा राहून बोलायचा, ते सावलीत बसून ऐकायचे. लिहायचं मात्र कुणी नाही. पुढे वेळ आली की म्हणायचे, हा कुठे काय बोलला होता? चौधरीभाऊ, ज्याचं बोलणं लिहिलं जात नाही, तो बोललाच नाही असं लोक म्हणू शकतात. आणखी भरीत घ्या."

हे मी त्यांच्या घरी, त्यांच्या ताटात जेवताना ऐकलं होतं.

आता ती मे महिन्यातली बैठक. जळगावला. पावसाळ्याआधी धरणाचे पाचही दरवाजे पूर्ण उघडून-मिटून बघायचे असतात, आणि ते काम माझं. मी गेलो तेव्हा धरणावर वीज नव्हती आणि जनरेटर बिघडलेला. हाताने फिरवायचं तर एकेका दरवाजाला चार माणसं आणि अर्धा दिवस. ऊन असं की लोखंडाला हात लागत नव्हता. दोन दरवाजे आम्ही पूर्ण उचलले. बाकीचे तीन दीड-दोन फूट उचलून खाली सोडले आणि मी अहवालात लिहिलं, 'पाचही दरवाजे पूर्ण उघडून पाहिले. सुस्थितीत.' त्या दिवशी भिकाभाऊ रजेवर होता. साहेबांनी तो अहवाल वर पाठवून दिला.

बैठकीत नानांनी भिकाभाऊला पहिलं बोलायला लावलं. तो उभा राहिला. "नाना, तीन नंबर चार फूटवर अडकस. मागला सालले बी अडकना व्हता. पानी कमी व्हतं म्हनीसन निभी गयं."

तीन नंबर मी दीड फुटापर्यंतच नेला होता.

साहेब म्हणाले, "आत्ताच चाचणी झाली आहे. चौधरींचा अहवाल आहे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चाचणीत तसं काही दिसलं नाही." हे वाक्य खरं होतं. दीड फुटावर काही दिसणारच नव्हतं.

नाना शांतपणे म्हणाले, "मग वाद कशाला? पुन्हा एकदा बघा. चार फुटांच्या वर नेऊन." आणि त्यांनी लिहिलं, 'मुद्दा चार. श्री. भिका यांनी सांगितले की दरवाजा क्रमांक तीन चार फुटांवर अडकतो. जळगाव उपविभागाने पावसाआधी त्याची पुन्हा पूर्ण चाचणी घ्यावी.' मोठ्याने वाचलं. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. मग घड्याळ, मग मिनिट, मग चहा.

पुढचं जे आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बैठक जळगावला झाली होती, म्हणून शुद्ध प्रत काढायचं काम माझ्याकडे होतं. कार्बनची प्रत मी घरी नेली. दुपारी जेवणानंतर माझ्या मेहरूणमधल्या घराच्या पडवीत बसून टाइपिस्टसाठी ती माझ्या अक्षरात उतरवली. मुद्दा तीननंतर थांबलो. मग पाचचा मुद्दा चार म्हणून लिहिला, सहाचा पाच. मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांचा फोन नव्हता, दबाव नव्हता. मनाशी एवढंच म्हटलं, की लेखी असलं तर आधीची चाचणी खोटी ठरते. लेखी नसलं तरी मी जाऊन गुपचूप बघून येणारच आहे.

स्टेन्सिल धुळ्याला गेलं. चार दिवस मी टपालाची वाट बघत होतो. नाना फोन करतील आणि विचारतील, चौधरीभाऊ, चार नंबर कुठे गेला? फोन वाजला की मी उठून बाहेर जायचो. पाचव्या दिवशी स्टेन्सिल परत आलं. खाली नानांची सही.

त्यांनी ते वाचलं नव्हतं. नंतर कळलं की ते कधीच वाचत नसत. एवढा काटेकोर माणूस, आणि शुद्ध प्रतीवर डोळे न फिरवता सही करायचा. कारण त्यांच्या लेखी बैठक कानांवर चालायची. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, सगळ्यांनी ऐकलं, त्यावर सह्या झाल्या. आता यात बदल कोण करणार? आयुष्यात त्यांनी ही एकच गोष्ट न तपासता सोडली होती. ती प्रत भिकाभाऊला जात नसे. साहेबांना गेली. त्यांच्या लक्षात आलं असेल तर ते बोलले नाहीत.

आणि मी चाचणीला गेलो नाही. आधी जनरेटर दुरुस्त व्हायचा होता, मग मेहुण्याचं लग्न निघालं, मग पाऊस आला. दरवाजाला पाणी लागलं. पूर्ण उघडून बघायची वेळ गेली.

त्या जून-जुलैत रोज आठला मी सेटसमोर बसायचो. भिकाभाऊ पाण्याची पातळी ओरडून सांगायचा आणि ती इंचांनी वर चढत होती. मी ती पुन्हा म्हणायचो. रेडिओवर पावसाची बातमी लागली की बंद करायचो.

ऑगस्टात एकदा वरच्या डोंगरात पाऊस रात्रभर कोसळला. भिकाभाऊ आणि त्याचा जोडीदार पहाटेपासून दरवाजे उघडत होते. आठला सेट सुरू झाला. खरखरीतून आवाज आला, नेहमीसारखा मोठा नव्हे. "नाना, तीन नंबर चार फूटवर अडकना. वर बी जात नही, खाले बी येत नही. ओव्हर."

क्रमाने पुढची पाळी जळगावची. नियम असा, की आधी ऐकलेलं पुन्हा म्हणायचं. जे वाक्य मी पडवीत बसून गाळलं होतं, ते आता माझ्या तोंडाने म्हणायचं होतं. मी सेटचं बटण दाबलं आणि सोडलं.

"जळगाव," नानांचा आवाज आला, "काय ऐकलं ते सांगा."

"तीन नंबर..." मी म्हणालो, "तीन नंबर चार फुटावर अडकला. ओव्हर."

दोन-तीन क्षण नुसती खरखर. तेवढ्यात नानांना आठवलं असणार. मेची बैठक, भिका, मुद्दा चार. पण ते त्यातलं काहीच बोलले नाहीत. त्यांनी बैठक पुढे नेली. बाकीचे चार किती उघडायचे, कोणत्या क्रमाने, खाली पाणी किती वेळात पोचेल, नदीकाठची वस्ती कुणी उठवायची. प्रत्येक वाक्य तीनदा म्हटलं गेलं. वस्ती रिकामी झाल्याचं तलाठ्याकडून कळेपर्यंत त्यांनी पुढचा दरवाजा उचलू दिला नाही. मग पाणी एकदम सुटलं. काठावरची घरं गेली, काही गुरं गेली. माणूस एकही गेलं नाही. अडकलेला दरवाजा हाताने हलवताना हँडल उलटं फिरलं आणि भिकाभाऊचं मनगट मोडलं. तेवढं एकच हाड मोडलं त्या दिवशी, आणि ते मोडायला नको होतं.

पंधरा दिवसांत भिकाभाऊ निलंबित झाला. आरोप असा, की दोष माहीत असूनही वरिष्ठांना कळवला नाही.

चौकशी धुळ्याला, आमच्याच बैठकीच्या खोलीत. बाहेरून आलेले अधिकारी उंच खुर्चीवर; या वेळी ती कुणी हलवली नव्हती. समोर छापील इतिवृत्त. भिकाभाऊ हात गळ्यात बांधून उभा. "साहेब, मी सांगेल शे. बठ्ठास्नी ऐकं."

"सांगितलंस, सगळ्यांनी ऐकलं, तर मग इतिवृत्तात कुठे आहे?"

तो माझ्याकडे बघू लागला. रागाने नाही. आता हे सांगतील, अशा खात्रीने.

नाना उठले. "परवानगी असेल तर माझ्या पद्धतीने विचारू का? खालून वर?" अधिकारी कंटाळून म्हणाले, विचारा. भिकाभाऊनंतर खालून माझीच पाळी होती. नाना माझ्याकडे वळले. चष्मा कपाळावर. "जळगाव उपविभागाचं काय म्हणणं?"

खोटी चाचणी, गाळलेला मुद्दा, माझी नोकरी, लहान मुलं, सगळं एका वेळी आठवलं. मी म्हणालो, "काही म्हणणं नाही."

नानांनी ते लिहिलं. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, पाणी नसताना केलेल्या कोरड्या चाचणीत सगळंच दिसतं असं नाही. मग नानांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "कुणाचं काही राहिलं?"

अधिकाऱ्यांना काय चाललंय ते कळेना. आम्हाला कळत होतं. मी सेकंदकाट्याकडे बघत होतो. दहा सेकंद गेले, वीस गेले. चाळीसला मी तोंड उघडलं असं मला वाटलं. उघडलं नव्हतं. काटा बारावर आला.

"मग माझं म्हणणं लिहून घ्या," नाना म्हणाले. पिशवीतून कच्ची वही काढून त्यांनी मेचं पान उघडलं. "भिकाने सांगितलं होतं. इथे आहे, सह्या आहेत. शुद्ध प्रतीत ते आलं नाही."

"का आलं नाही? टाइप कुणी केलं?"

"शुद्ध प्रतीची जबाबदारी सदस्य सचिवाची. सही माझी आहे, साहेब."

"ते दिसतंय. मी विचारतोय, लिहिलं कुणी?"

"न वाचता सही मी केली. सही माझी आहे."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच उत्तर. ते खोटं बोलले नाहीत. एक अक्षर खोटं नाही. पण माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर मी नाकबूल गेलो असतो, हे त्यांनी त्या मिनिटात ओळखलं होतं असं मला वाटतं. मग माझा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द, तारखांवर तारखा, आणि भिका तोपर्यंत अधांतरी. त्यांना त्या दिवशीच एक कबुली हवी होती. दुसरी कुठली मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःची दिली.

भिकाभाऊ कामावर परत गेला. नानांना ठपका बसला. बढतीच्या यादीत त्यांचं नाव होतं ते निघालं, आणि चार वर्षांनी ते उपअभियंता म्हणूनच निवृत्त झाले. ठपक्यानंतरची पहिली बैठक त्यांनीच घेतली. सगळं तसंच. खुर्च्या सारख्या, पंखा बंद. फरक एवढाच, की त्या दिवसापासून शुद्ध प्रत ते ओळीवर बोट ठेवून वाचायचे आणि मग सही करायचे. मला ते कधी टोचून बोलले नाहीत. चौधरीभाऊच म्हणत राहिले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मला बढती मिळाली. चाळीसगावला बदली झाली.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी ते मला चाळीसगाव स्टेशनवर दिसले. दुपारची वेळ. धुळ्याच्या पॅसेंजरला अवकाश होता. बाकावर एकटे, मांडीवर कापडी पिशवी. केस पिकलेले, अंग वाळलेलं. घड्याळ तेच. मला बघून सरकून जागा दिली. भिकाभाऊचं मनगट थंडीत दुखतं, म्हणाले. मुलीला देवपूरच्या शाळेत नोकरी लागली, म्हणाले. मी म्हणालो, "नाना, चहा घेऊ."

"चहा नंतर," ते म्हणाले.

मला वाटलं सहज म्हणाले. मग त्यांनी घड्याळ काढलं. आमच्या दोघांच्या मध्ये बाकाच्या फळीवर ठेवलं. चष्मा वर सरकवला. माझ्याकडे बघत नव्हते, रुळांकडे बघत होते.

"कुणाचं काही राहिलं?"

तिथे दुसरं कुणी नव्हतं. साहेब नाहीत, अधिकारी नाहीत, माझी नोकरी घेणारं कुणी नाही. फलाटावर शेंगा विकणारा एक म्हातारा होता, तोही लांब. मी काट्याकडे बघितलं. एवढं एकच वाक्य होतं, 'नाना, ती ओळ मी काढली.' ते मी मनात पूर्ण म्हटलं. दोनदा म्हटलं. काटा बारावर आला.

नानांनी घड्याळ उचलून पट्टा आवळला. "बरं," म्हणाले. थोड्या वेळाने गाडी लागली. मी पिशवी घेऊ लागलो, ती त्यांनी दिली नाही. चहा राहिलाच. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा होतो. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक लहान वही काढली होती, शिसपेन्सिल काढली होती, आणि गुडघ्यावर वही टेकवून, मान खाली घालून ते काहीतरी लिहीत होते. एकच ओळ. गाडी फलाट सोडेपर्यंत लिहून झालीही होती.